थांबविण्याची विद्या

प्रवासाच्या इतिहासाची लेखणी सामान्यतः गतीच्या मागे धावते. कोणत्या वर्षी कोठपर्यंत लोहमार्ग आला, कोणत्या गावाने पहिली मोटार कधी पाहिली, बैलगाडीला दोन दिवस लागणारा पल्ला मोटारीने किती वेळात कापला, याचा तपशील सरकारी अहवालांतून व गॅझेटियरांतून विपुल आढळतो. परंतु वेगाने धावणारे ते वाहन इच्छित स्थळी आणि इच्छित क्षणी उभे करण्याची विद्या कोणत्या वाटेने आली, ती कोणी कोणास शिकविली आणि कालौघात तिच्यात कोणते फेरफार झाले, याची वास्तपुस्त दफ्तरांनी क्वचितच घेतली आहे. वस्तुतः चालविणे आणि थांबविणे ही एकाच व्यवसायाची दोन अंगे; पण दुसरे अंग पहिल्याच्या मानाने नेहमी उशिरा प्रगल्भ झाले. ब्रेकचे पायडल पायाखाली घट्ट न लागता मऊ लागले, म्हणजे नळ्यांत हवा शिरली आहे हे ओळखून ती काढून टाकण्याची जी क्रिया आज कित्येक मोटारमालक आपल्या अंगणातच उरकतात, तिच्यामागे या विलंबाने आलेल्या विद्येची सुमारे शंभर वर्षे उभी आहेत. त्या शंभर वर्षांचा एक पदर भालकीच्या परिसरात उलगडून पाहण्याचा येथे हेतू आहे.

भालकी हे बीदर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. आग्नेयेस बीदर, दक्षिणेस हुमनाबाद, नैर्ऋत्येस बसवकल्याण आणि उत्तरेस मांजरेपलीकडे उदगीर, अशा चार जुन्या पेठांच्या मध्ये ते वसले आहे. विकाराबादहून बीदरमार्गे परळीकडे जाणारा लोहमार्ग त्याच्या अंगावरून जातो. आणि कानडी, मराठी व उर्दू या तीन भाषा तेथील बाजारात एकाच तराजूच्या व्यवहारात बोलल्या जातात. बीदर शहर ज्या तांबड्या जांभ्याच्या पठारावर उभे आहे, त्याची कड उतरून मांजरेच्या खोऱ्यात आले की जमिनीचा रंग पालटून काळा होतो, आणि रंगाबरोबर रस्त्याचा स्वभावही पालटतो. वरचा रस्ता कठीण, खडबडीत व उताराचा. खालचा उन्हाळ्यात धुळीचा आणि पावसाळ्यात चिखलाचा. वाहन थांबविण्याच्या विद्येला या दोन्ही प्रकारच्या भूमीने आपापल्या परीने कसोटीस लावले आहे.

मोटारीपूर्वी या मुलखात थांबविण्याचा प्रश्न मुख्यतः उतारापुरता होता. सपाटीवर बैलांनी पाऊल आखडते घेतले की गाडी उभी राही, आणि काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर तर ती उभीच असे, तिला हलविणे हेच संकट असे. उतारावर मात्र भरल्या गाडीचा सारा रेटा जुवावाटे बैलांच्या मानेवर येई; म्हणून गाडीवान खाली उतरून मागून साटीला धरी, किंवा चाक दोराने जखडून ते फिरण्याऐवजी फरपटत नेई. यापलीकडे यंत्र म्हणावे असे काही नव्हते. गाडीवानाची खरी निगा असे ती चाक सुरळीत फिरण्याविषयी. साटीखाली टांगलेल्या नळ्यातले एरंडेलाचे काळे वंगण तो कण्याला घाली आणि चाकावर चढविलेल्या लोखंडी धावेचा आवाज ऐकून चाक ढिले झाल्याचे जाणी. हे एरंडेल येथे मुद्दाम उल्लेखिले आहे. एरंडीच्या पिकात हैदराबाद संस्थान, विशेषतः त्याचा तेलंगणाचा भाग, साऱ्या हिंदुस्थानात अग्रेसर होता. आणि जे तेल शतकानुशतके येथील चाके फिरती ठेवण्याच्या कामी आले, तेच पुढे परदेशातून बंद डब्यात भरून, चाके थांबविण्याच्या कामी, याच रस्त्यांवर परत आले.

संस्थानातील लोहमार्ग 1930 साली निजाम सरकारने कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतले आणि 1932 च्या जून महिन्यात रेल्वे खात्याच्याच छत्राखाली सार्वजनिक मोटारसेवा सुरू केली. निजाम्स स्टेट रेल अँड रोड ट्रान्सपोर्ट डिपार्टमेंट असे लांबलचक नाव धारण करणाऱ्या या सरिश्त्याचा आरंभ 27 बसगाड्या आणि 166 नोकर एवढ्यावर झाला. गाड्या स्कॉटलंडातील ॲल्बियन कारखान्याच्या होत्या. रेल्वे आणि रस्ता एकाच हुकमतीखाली असल्यामुळे लोहमार्गाच्या कार्यशाळांतील शिस्त, म्हणजे पाळीपाळीने तपासणी, झिजलेल्या भागांची नोंद आणि दुरुस्तीनंतरची चाचणी, मोटारींच्या देखभालीतही उतरणे स्वाभाविक होते. आणि या खात्यात काही वर्षे काढून बाहेर पडलेला मिस्त्री ज्या गावी आपले दुकान थाटी, त्या गावी त्या शिस्तीचा अंशही त्याच्याबरोबर जाई. खासगी मोटारी अर्थातच थोड्या होत्या. जिल्ह्याचा बराच मुलूख पायगा व जहागिरींत विभागलेला असल्यामुळे त्या प्रथम जहागीरदारांच्या व वरिष्ठ अंमलदारांच्या दारात उभ्या राहिल्या, आणि मग वकील, डॉक्टर व अडते यांच्या. सुटा भाग हवा असेल तर एकतर हैदराबाद गाठावे लागे किंवा इंग्रजी अमलाखालील सोलापूर. आणि सोलापूरहून माल आणावयाचा म्हणजे संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर जकात देणे आणि कलदार रुपयांचा व हाली शिक्क्याचा हिशेब जुळविणे आलेच. जेथे लहानसा भाग मिळविण्यास एवढी यातायात पडे, तेथे जुना भाग पुन्हा उपयोगी करण्याची कला वाढीस लागली यात आश्चर्य नाही.

त्या काळच्या पुष्कळशा मोटारींचे ब्रेक केवळ यांत्रिक होते. पायडल दाबले की लोखंडी सळ्या किंवा तारा ओढल्या जात, त्या ड्रममधील पात्यांना फाकवीत, आणि पाती ड्रमला घासून चाक अडवीत. 1908 ते 1927 या काळात निघालेल्या फोर्डच्या टी-मोटारीत तर पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीतील एका ड्रमवर होता आणि हाताचा ब्रेक तेवढा मागील दोन चाकांवर. या रचनेचे दोष उघड होते. चारही चाकांना सारखी ओढ बसणे जवळजवळ अशक्य असे, एक सळई थोडी ताणली गेली की मोटार ब्रेक लावताच एका अंगास जाई, आणि धूळ बसलेले सांधे कुरकुरत अडून राहत. परंतु तिच्यात एक मोठा गुण होता. तिचा प्रत्येक दोष डोळ्यांना दिसे. वाकलेली सळई, झिजलेली खीळ, तुटलेली तार गाडीखाली शिरून पाहिली की कळे. आणि ज्या लोहाराने आयुष्यभर धावा चढविल्या होत्या, तो मोटारीचे शास्त्र न शिकताही त्या सळईला तापवून सरळ करू शके. ब्रेकची विद्या तोवर गावाच्या जुन्या कारागिरीच्या कक्षेतच होती.

ती कक्षा द्रवाने भेदली. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्यात सर्वत्र सारखा पसरतो, हा सिद्धान्त फ्रेंच तत्त्वज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला होता, आणि इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने 1795 साली त्याच्या आधारे दाबयंत्र तयार केले होते. परंतु मोटारीच्या चाकापर्यंत पोहोचण्यास त्या सिद्धान्ताला विसावे शतक उजाडावे लागले. माल्कम लॉकहीड या अमेरिकी संशोधकाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट मिळविले, 1921 च्या ड्यूसेनबर्ग मोटारीने चारही चाकांवर तो ब्रेक बसविला, आणि 1924 साली क्रायस्लरने तो सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यातील मोटारीत आणला. लॉकहीडच्या मूळ रचनेत गळती थांबविणाऱ्या चकत्या कातडी होत्या आणि त्या झिरपत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्यांच्या जागी रबरी कप घातले, आणि त्या बदलानेच ही योजना व्यवहार्य झाली. त्याच कंपनीची प्लिमथ 1928 मध्ये बाजारात आली तीच द्रवदाबाचे ब्रेक घेऊन. फोर्डने मात्र पायडलापासून चाकापर्यंत पोलाद, हा आपला अभिमान दीर्घकाळ सोडला नाही; 1939 च्या मोटारींपर्यंत तो सळ्यांनाच चिकटून राहिला.

या दूरदेशीच्या घडामोडीचा भालकीच्या रस्त्याशी जो संबंध आला, तो दोन मार्गांनी. पहिला मार्ग महायुद्धाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपगाड्या मुलकी वापरात आल्या, पुढे महिंद्र कंपनीने त्या येथे जुळविण्यास प्रारंभ केला, आणि सरकारी दौऱ्यांसाठी खेड्यापाड्यांच्या वाटांवर जी मोटार प्रथम सरसकट दिसू लागली ती हीच. तिचे ब्रेक द्रवदाबाचे होते आणि तिचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पायडलाचा दाब द्रवावर देणारा मुख्य सिलिंडर व त्यावरची ऑईलची टाकी, चालकाच्या पायाखालील पत्र्याच्या तळाशी, म्हणजे धूळ व चिखल यांच्या थेट माऱ्यात होता. दुसरा मार्ग सोलापूरचा. सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून त्या घराण्याच्या मोटारी व मालमोटारी बाहेर काढल्या, आणि पुढे फियाटच्या लहान मोटारीही तेथेच तयार होऊ लागल्या. ज्या क्रायस्लरने रबरी कप घालून द्रवदाबाचा ब्रेक लोकांपर्यंत नेला, त्याच्याच वंशातील डॉज व फार्गो मालमोटारी सोलापूर-हैदराबाद हमरस्त्याने उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद करीत धावू लागल्या. आणि त्या रस्त्यालगतच्या गावांत ज्यांनी त्या दुरुस्त केल्या, त्यांच्या हाताखाली ही नवी विद्या रुजली.

नव्या ब्रेकने लोहाराला निरुत्तर केले. पोलादी नळीच्या आत काय चालले आहे हे कोणासच दिसत नव्हते. त्यातच नळीतील द्रव आजच्यासारखा नव्हता. प्रारंभीच्या ब्रेक ऑईलमध्ये एरंडेल आणि मद्यार्क यांचे मिश्रण असे. खनिज तेल नैसर्गिक रबराला फुगवून त्याचा नाश करते, एरंडेल तसे करीत नाही आणि शिवाय वंगणाचे कामही करते, म्हणून त्याची निवड झाली होती. आणि ते स्वभावतः दाट असल्यामुळे ते पातळ करण्यास मद्यार्क घालावा लागे. परंतु साधा मद्यार्क 78 अंश सेल्सिअसला उकळतो. थंड हवेच्या देशात हा दोष खपून जाई. वैशाखात, भरलेल्या गाडीने, लांब उतारावर ब्रेक वारंवार दाबीत खाली यावयाचे म्हणजे ड्रमची उष्णता सिलिंडरातील द्रवापर्यंत पोहोचून त्याची वाफ होण्यास फारसा अवकाश लागत नसे. वाफ झाली की पायडल एकाएकी मऊ पडे, आणि गाडी थंड झाली की तेच पायडल पुन्हा घट्ट होई. त्यामुळे दोष दाखविण्यासाठी गाडी दुकानात आणावी तर दोष नाहीसा झालेला असे. महायुद्धानंतर ग्लायकॉल वर्गातील द्रव्यांची ऑईले आली आणि हा ताप बराच कमी झाला. आज डॉट 3 म्हणून विकले जाणारे ताजे ऑईल किमान 205 अंशांपर्यंत आणि डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. पण त्यांनाही एक खोड आहे. ती हवेतील आर्द्रता शोषून घेतात, आणि सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की त्यांसाठी ठरविलेल्या किमान मर्यादा अनुक्रमे 140 व 155 अंशांवर उतरतात. म्हणूनच दोन वर्षांनी ऑईल बदलावे हा प्रघात पडला, आणि उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरू नये असे जुने मिस्त्रीही बजावीत आले आहेत.

वाफ असो वा बाहेरून शिरलेली हवा असो, तिने पायडल मऊ का पडते याचा हिशेब सोपा आहे. द्रव दाबला तरी आकसत नाही, वायू आकसतो. चाळीस वातावरणांचा दाब पडला की नळीतील बुडबुडा मूळच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शाइतका होतो, म्हणजे जवळजवळ त्याची सारी जागा भरून काढण्यासाठी मास्टर सिलिंडरला जादा द्रव पुढे ढकलावा लागतो. पाऊण इंच व्यासाच्या सिलिंडरात दोन घन सेंटिमीटर हवेसाठी दट्ट्याची सात मिलिमीटर चाल वाया जाते. आणि पायडलाची तरफ पाचास एक या प्रमाणाची असेल, तर पायाखाली तेच अंतर साडेतीन सेंटिमीटर होते. चमचाभरही नसलेली हवा पायडलाची निम्मी वाट खाऊन टाकते ती अशी. वारंवार पंप मारल्याने पायडल वर येते, कारण प्रत्येक वेळी टाकीतून थोडे अधिक ऑईल पुढे जाते. परंतु अकस्मात समोर आलेल्या जनावरापुढे पंप मारण्यास सवड नसते.

दोष दिसत नाही, केवळ पायाला जाणवतो. म्हणून परीक्षा डोळ्यांकडून पायाकडे गेली, आणि या संक्रमणातूनच या भागात उस्ताद व शागीर्द यांची परंपरा ब्रेकच्या कामात दृढ झाली असे मला वाटते. सळईचे काम एकटा मनुष्य करू शके. हवा काढण्याचे काम परंपरेने दोघांचे. एक पायडलावर बसतो, दुसरा चाकामागे आडवा होतो. दोघे एकमेकांस पाहू शकत नाहीत, आणि त्यांच्यामधील सारा व्यवहार तीन शब्दांवर चालतो. दखनीत तो मारो, पकडो, छोडो असा होतो, मराठीत मार, धर, सोड, आणि कानडीत ओत्तु, हिडि, बिडु. पायडलावरचा पंप मारून पायडल वर आणतो व दाबून धरतो. खालचा चाकामागील निपलवर, म्हणजे हवा सोडण्याच्या पोकळ स्क्रूवर, रबरी नळी चढवून, तिचे दुसरे टोक ऑईल घातलेल्या बाटलीत बुडवून, पान्याने निपल पाव ते अर्धा वेढा ढिला करतो. बुडबुड्यांसह ऑईल बाटलीत येते, पायडल खाली जाते. आणि खालच्याने निपल आवळून आवाज दिल्यावाचून वरच्याने पाय उचलावयाचा नाही हा या कामाचा अनुल्लंघनीय कायदा. तो मोडला की काढलेली हवा त्याच वाटेने परत आत जाते. नवा शागीर्द प्रथम पायडलावरच बसविला जाई, आणि त्यामागे केवळ श्रमविभाग नव्हता. शेकडो गाड्यांच्या पायडलांखालील सूक्ष्म फरक पायाच्या तळव्याने ओळखू लागल्याखेरीज त्याच्या हाती पाना देण्यात अर्थ नव्हता.

क्रमही ठरलेला असे. मास्टर सिलिंडरपासून जे चाक सर्वांत दूर, तेथून आरंभ. म्हणजे आपल्या उजव्या हाताच्या मोटारींत सामान्यतः मागील डावे, मग मागील उजवे, मग पुढील डावे आणि शेवटी पुढील उजवे. दर पाचसहा वेळा निपल उघडले की टाकी पुन्हा भरणे आवश्यक, कारण ती कोरडी पडली तर हवा मास्टरमध्येच शिरून सारा खटाटोप मुळापासून करावा लागतो. जीपसारख्या गाडीत टाकीचे झाकण उघडण्याआधी त्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसून काढीत, कारण बीदरच्या लाल मातीचा कण आत गेला तर तो कपाची कड खातो. जुन्या मास्टरवर पायडल तळापर्यंत दाबू नये म्हणून त्याखाली लाकडी ठोकळा ठेवण्याची चतुराईही याच अनुभवातून आलेली. ज्या भागात दट्ट्या वर्षानुवर्षे गेलेलाच नाही तेथे गंज व कीट साचलेले असते, आणि त्यावरून ओढला गेल्यास कप फाटतो. कप धुवावयाचे ते ब्रेक ऑईलने किंवा मद्यार्काने. रॉकेलने धुतलेले कप दुसऱ्या दिवशी फुगून बसत. वाटेत ऑईल संपल्यास साबणाचे पाणी घालून गाडी गावापर्यंत आणल्याच्या कथा चालकमंडळी रंगवून सांगतात. परंतु तसे केलेल्या गाडीच्या सिलिंडरांची पुढे काय अवस्था होते, हे त्या कथेत सहसा येत नाही.

या परंपरेचे खरे धन हवा काढण्याच्या क्रियेत नसून त्यापूर्वीच्या निदानात होते. पायडल खोल जाते पण पंप मारल्यावर घट्ट लागते, तर बहुधा पाती ड्रमपासून फार दूर गेलेली आहेत आणि ती जवळ आणली पाहिजेत. हवेचा यात दोष नाही. पायडल लवचिक लागते आणि पंप मारल्यावर वर येते, तर हवा. पायडल दाबून धरले असता ते पायाखाली हळूहळू बुडत जाते, पण बाहेर थेंबही गळत नाही, तर मास्टरमधील कप आतल्या आत द्रव सोडतो आहे आणि नवी किट घातल्यावाचून गत्यंतर नाही. टाकीतील ऑईल वरचेवर कमी होते, तर चाकाच्या आतील बाजूस ओल शोधावी. सर्व काही नीट असून पायडल मऊ, तर जुन्या रबरी होजवर हात ठेवावा. दाबाखाली तो फुगत असेल तर पायाचे बळ तेथेच जिरते आहे. आणि डिस्क ब्रेकच्या गाडीत कॅलिपर डावे-उजवे बदलून बसविले गेले, तर निपल खाली येते व वर कोंडलेली हवा कितीही खटपट केली तरी निघत नाही. इतका भेद जो करू शके त्याच्या दुकानासमोर परगावच्या गाड्या उभ्या राहत.

दरम्यान या मुलखाच्या राजवटी व सीमा बदलल्या, पण गाड्यांचे रस्ते तेच राहिले. 1948 च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईने निजामी अंमल संपला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी होऊन भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद व बीदर म्हैसूर राज्यात गेले, उदगीर, निलंगा व अहमदपूर मुंबई राज्यात, आणि जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात. 1961 मध्ये म्हैसूरचे स्वतंत्र राज्य परिवहन महामंडळ स्थापन झाले. परवाने, कर आणि गाड्यांचे क्रमांक निराळे झाले. परंतु उदगीरच्या अडत्याची मोटार बिघडली तर ती भालकीस येई आणि भालकीची बसवकल्याणास जाई. हमरस्त्यालगतच्या बसवकल्याणात तर मालमोटारींच्या मालकांची, बांधणीवाल्यांची आणि मिस्त्र्यांची एवढी दाटी झाली की मोटारीचा धंदा हीच त्या प्राचीन चालुक्य राजधानीची आधुनिक ओळख होऊन बसली.

याच कालखंडात हे काम दुकानातून घराच्या अंगणात आले. अँबॅसडर व फियाट या मोटारी वीस-वीस वर्षे एकाच घरात नांदत. त्यांची रचना साधी, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळणारे, आणि मिस्त्री बोलावला तर दिवस जाणारा. म्हणून मालक स्वतः चाकामागे आडवा होई आणि पायडलावर घरातील जो कोणी मोकळा असेल तो, मग मुलगा असो, सून असो वा शेजारचा विद्यार्थी, बसविला जाई. हातब्रेक ओढणे, न उचललेल्या चाकांना दगडाची ओट लावणे, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली न शिरणे, अंगावर वा रंगावर सांडलेले ऑईल तत्काळ पाण्याने धुणे आणि काम झाल्यावर प्रथम गल्लीतच संथ गतीने ब्रेक पाहून मगच रस्त्यावर जाणे, हे नियम अशा घरांतून मुलांना गाडी शिकण्यापूर्वीच पाठ होत. ज्या मुलीने किंवा मुलाने त्या वयात धर व सोड या शब्दांच्या मधला क्षण पायाखाली अनुभवला, त्याला पुढे कोणत्याही गाडीचे पायडल बदललेले ताबडतोब कळे.

गेल्या अर्धशतकात या विद्येचे पुन्हा एक स्थित्यंतर झाले. एकच नळी फुटली तर चारही ब्रेक जाऊ नयेत म्हणून दोन स्वतंत्र मार्गांचे मास्टर सिलिंडर सार्वत्रिक झाले. ते कित्येक मोटारींत कर्णरेषेने विभागलेले असल्यामुळे दूरच्या चाकापासून आरंभ करण्याचा जुना क्रम सर्वत्र लागू पडत नाही, आणि निर्मात्याची पुस्तिका पाहणे भाग पडते. चाक जाम होऊ न देणारी विद्युत्‌यंत्रणा बॉश कंपनीने 1978 मध्ये मर्सिडीझ मोटारीत आणली आणि भारतात ती नव्या मोटारींना 2019 पासून सक्तीची झाली; तिच्या पेटीत हवा शिरली तर पेटीतील झडपांची उघडझाप करविणारे निराळे उपकरण जोडल्यावाचून ती हवा पूर्ण निघत नाही. सळईच्या युगात दोष डोळ्याने कळे, ऑईलच्या युगात पायाने, आणि आता तो पुष्कळदा समोरच्या तावदानाखाली पेटणाऱ्या दिव्याने कळविला जातो. प्रत्येक पायरीवर यंत्र अधिक विश्वसनीय झाले हे मान्य केलेच पाहिजे. उतारावर जीव गमावणाऱ्यांची संख्या कमी करणाऱ्या सुधारणेबद्दल हळहळ वाटून घेणे हा शुद्ध अविचार ठरेल.

तथापि दिवा पेटला म्हणजे निदान झाले असे नव्हे. मऊ पायडल घेऊन आलेल्या गाडीची हवा काढून ती परत करणारा मनुष्य काम करतो, यात शंका नाही. पण बंद नळीत हवा आपण होऊन निर्माण होत नाही. ती कप फाटल्याने, होज सच्छिद्र झाल्याने, ऑईल जुने होऊन उकळल्याने किंवा टाकी कोरडी पडल्याने आत आलेली असते, आणि ते कारण जागेवर ठेवून केलेली दुरुस्ती ही काही आठवड्यांची मुदतवाढ असते. या मुलखातील जाणत्या मिस्त्र्यांनी पाना उचलण्यापूर्वी हवा कोठून आली हा प्रश्न विचारण्याची रीत पाडली. अंगणात स्वतः ब्रेक दुरुस्त करणाऱ्या आजच्या मालकाने त्यांच्याकडून एकच गोष्ट उचलावयाची असेल, तर ती हीच होय. कारण निपल उघडणे कोणालाही एका दुपारी शिकता येते, पण या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज गाडी रस्त्यावर न नेण्याचा संयम, हाच या विद्येचा परिपाक आहे.